साडेपाच की पाच-तीस?

"मी लावलेलं कुलूप उघडणारा अजून जन्माला यायचाय!"

हे वाक्य आपला कुलूपवाला दिवसातून निदान चारदा म्हणायचा. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाला, नसलं तर समोरच्या न्हाव्याला, आणि न्हाव्याने दार लावून घेतलं की किल्ल्या घासायच्या मशीनला! दुकानावर पाटी होती: 'कोणतंही कुलूप दहा मिनिटांत उघडून मिळेल.' पंचवीस वर्षांत त्याला अकरावं मिनिट लागलं नव्हतं. पाटीखालून जाताना तो दर वेळी मान वर करून ती वाचायचा, जणू दुसऱ्याच कुणी त्याच्याबद्दल लिहून ठेवलीय.

आता पंचवीस वर्षं त्या करकरणाऱ्या मशीनशेजारी बसून त्याच्या उजव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला होता आणि डावाही नोटीस देऊन बसला होता, ही गोष्ट वेगळी. ते तो कबूल करायचा नाही. "ऐकण्यासारखं असतं ते मला सगळं ऐकू येतं!" असं त्याचं म्हणणं. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती म्हणायची, "आमच्याकडे तोंडात पक्कड घालून बसलेला माणूससुद्धा तुमच्यापेक्षा जास्त ऐकतो!" हेही त्याला ऐकू जायचं नाही.

तर एका शनिवारी शाळेच्या मोठ्या बाई हातात मोडकं कुलूप घेऊन दुकानात आल्या.

"मुलांकडून काढून घेतलेले व्हिडिओ गेम या कपाटात ठेवत होतो आम्ही. मुलांनी केसातल्या पिनेने उघडलं. चार मिनिटांत!"

कुलूपवाल्याने कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. ते त्याच्याच दुकानातून गेलेलं होतं, पण ही आठवण काढायची ती वेळ नव्हती.

"काय करू सांगा!" बाई स्टुलावर बसल्या. "पोरं धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, बाहेर पाऊल टाकत नाहीत. पालक माझ्याकडे येऊन रडतात. घरात कुठेही लपवा, कार्टी शोधून काढतात!"

"माझ्याकडे द्या," कुलूपवाला म्हणाला.

"काय?"

"सगळ्यांचं सगळं माझ्याकडे द्या! या, दाखवतो."

दुकानामागच्या खोलीत एक तिजोरी होती. कंबरेइतकी उंच, करड्या रंगाची, आणि इतकी जड की ती आणणाऱ्या चौघांपैकी दोघांनी नंतर धंदाच बदलला. कुणीतरी दुरुस्तीला टाकली ती परत न्यायलाच आला नव्हता. दारावर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत आकड्यांची चकती, आणि खाली दार उघडायची मूठ.

"किल्लीच नाही हिला!" कुलूपवाल्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "किल्ली आली की ती हरवते, चोरीला जाते, तिची दुसरी निघते. हिला नंबर लागतो. तीन आकडे. ते इथे!" त्याने कपाळावर बोट आपटलं.

"कुठे लिहून ठेवणार नाही?"

"बाई, कुलूपवाल्याने नंबर लिहून ठेवायचा म्हणजे आचाऱ्याने घरून डबा आणायचा!"

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिथल्या तिथे बेत ठरवून टाकला. उद्या, एकवीस तारखेला, सगळ्या पालकांनी आपापल्या घरचे गेम आणून तिजोरीत टाकायचे. आठ दिवस पोरं मोकळी. पुढच्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता, कुलूपवाल्याने सगळ्यांसमोर भाषण करायचं, 'गेमचे दुष्परिणाम' या विषयावर, आणि मग तिजोरी उघडायची. पाच वाजता सुरुवात, सहाला चहा!

भाषण म्हटल्यावर कुलूपवाल्याची छाती शर्टात मावेना.

---

घरी मात्र एक अडचण तेरा वर्षांची होऊन बसली होती.

त्याच्या मुलीला सगळे खिट्टी म्हणत. दोन वर्षांची असताना तिने आतून खिट्टी लावून आईबापांना जिन्यात उभं केलं, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची. सातव्या वर्षी तिने तारेने कुलूप उघडलं. नवव्या वर्षी बापाने तिला तिजोरीचं पोट उघडून आतल्या चकत्या, खटके, सगळं दाखवलं होतं. 'खिट्टी माझी गादी चालवणार!' असं तो न्हाव्याला सांगायचा. आणि मग बारावं लागलं आणि ते मेलं गेमचं मशीन घरात आलं! खिट्टी कानांवर हेडफोन चढवून बसली ती बसलीच. दुकानाकडे फिरकेना. कुलूपवाल्याला गेमचा राग होता तो डोळे बिघडतात म्हणून नव्हता, मार्क कमी पडतात म्हणूनही नव्हता. त्याची पोर दुकानातून उठून गेली, म्हणून होता. पण असलं काही भाषणात सांगता येत नाही.

"उद्या तुझं मशीन तिजोरीत!" त्याने घोषणा केली. "माझ्या घरापासून सुरुवात!"

"पुढच्या रविवारी साडेपाचला आमचा सामना आहे, बाबा."

"सामना मैदानावर असतो!"

"चौघं आहोत आम्ही एका संघात. त्यातली एक माझी ती मैत्रीण, गेल्या वर्षी गाव सोडून गेली ती. खेळताना बोलतो आम्ही रोज."

"बोलायला फोन आहे की!"

"फोनवर काय बोलायचं? 'जेवलीस का?' 'जेवले.' संपलं! खेळताना खरं बोलता येतं."

"ते काही नाही. तू खेळणार नाहीस!"

खिट्टी उभी राहिली. तिची हनुवटी वर झाली की ती हुबेहूब बापासारखी दिसायची, आणि हे त्या दोघांखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

"मी खेळणार," ती म्हणाली. "आणि चोरून नाही. सांगून खेळणार."

आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने मशीन नेऊन तिजोरीत ठेवलं! रडणं नाही, आदळआपट नाही. इथेच कुलूपवाल्याला शंका यायला हवी होती.

---

रविवारी दुकानासमोर रांग लागली. कुणी हातातले गेम आणले, कुणी टीव्हीला जोडायचे, कुणी टॅबलेट. धोब्याकडे कपडे टाकावेत तशी नावाची चिठ्ठी लावून एकतीस नग आत गेले. शेवटी वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब जुळ्या पोरांना दोन्ही हातांनी धरून आले आणि त्यांच्याकडून ओढून घेतलेला टॅबलेट त्यांनी आत फेकला. "आता घरात शांतता!" ते म्हणाले.

कुलूपवाल्याने सगळ्यांना पाठ करून उभं केलं, चकती फिरवली, दार लावलं. नंबर ठेवला होता सतरा-अकरा-बारा, म्हणजे खिट्टीची जन्मतारीख. तिच्यामुळेच हे सगळं, तर तिचाच मान!

सोमवारी तर चमत्कार झाला. शाळा सुटल्यावर खिट्टी दुकानात आली! कित्येक महिन्यांनी! दप्तर कोपऱ्यात टाकून जुन्या स्टुलावर बसली. कुलूपवाल्याने रस्ता ओलांडून न्हाव्याला गाठलं.

"बघा! आठ दिवस कशाला, एका दिवसात गुण आला! पोर माणसात आली!"

तेवढ्यात एक बाई धावत आली. तिचे सासरे न्हाणीघरात अडकले होते आणि आतून सगळ्या खानदानाचा उद्धार करत होते. "खिट्टी, दुकान सांभाळ गं!" म्हणून कुलूपवाला पिशवी घेऊन गेला. सासऱ्यांचं दार त्याने सहा मिनिटांत उघडलं, पण सासऱ्यांचं तोंड बंद व्हायला अर्धा तास लागला. परत आला तेव्हा खिट्टी शांतपणे किल्ल्या आकारानुसार लावत बसली होती.

"बाबा, लक्षात ठेवा हं," ती म्हणाली. "अठ्ठावीस. पाच-तीस."

"काय?"

"अठ्ठावीस, पाच, तीस. आमचा सामना."

"पाच-तीस काय गं? साडेपाच म्हण! कालपर्यंत साडेपाच म्हणत होतीस. मराठीत पाच-तीस नसतं!"

"अठ्ठावीस, पाच, तीस," खिट्टी पुन्हा म्हणाली.

"त्या मशीनने भाषासुद्धा बिघडवली!" कुलूपवाल्याने खिशातून कागद काढून भाषणात तो मुद्दा लिहून घेतला. सातवा मुद्दा.

---

इकडे गावभर पोरं मोकळी सुटली होती.

पालकांना वाटलं होतं, गेम गेले की पोरं पुस्तकं वाचतील, झाडांना पाणी घालतील, आजीचे पाय दाबतील. पोरांनी पहिल्या दिवशी चेंडू खेळून दवाखान्याची काच फोडली, दुसऱ्या दिवशी नवी बसवलेली काच फोडली आणि तिसऱ्या दिवसापासून काही सुचेना म्हणून ती आईबापांशी बोलायला लागली! तिथे खरी पंचाईत झाली. वकीलसाहेबांच्या जुळ्यांनी घरी आलेल्या पक्षकारासमोर त्यांना विचारलं, "बाबा, यांनी खरंच केलंय ते, की तुम्ही नाही म्हणून सांगणार आहात?" एका घरी पोराने आईला विचारलं, तू आणि बाबा एकमेकांशी कधी बोलता? घरात सगळ्यांनी गेमला शिव्या दिल्या होत्या खऱ्या, पण त्याच्या आडोशाने किती जण निवांत बसले होते ते आता कळलं!

बुधवारपासून पालक मागच्या दाराने यायला लागले.

"आमचा तेवढा हळूच काढून द्या ना."

"रविवारी पाच वाजता!" कुलूपवाला गरजायचा. "नियम म्हणजे नियम!"

एक बाई तर रडकुंडीला आली. पोराचं राहू द्या हो, म्हणाली, पण त्या टॅबलेटवर मी स्वतः रंगीत मणी जुळवायचा गेम खेळते, तीनशे नव्वदाव्या पायरीवर आहे. कुलूपवाल्याने तिचं नाव भाषणात घातलं. नववा मुद्दा.

आणि रोज रात्री ताटावर बसलं की खिट्टी म्हणायची, "बाबा, अठ्ठावीस, पाच, तीस."

"साडेपाच!" कुलूपवाला म्हणायचा. "पाऊण, सव्वा, दीड, अडीच. किती सुंदर शब्द आहेत आपल्याकडे!"

"अहो, ती काय म्हणतेय ते ऐका तरी जरा," बायको म्हणायची.

"ऐकलं की! सामना आहे. दुरुस्त करतोय ते तिचं मराठी!"

---

शुक्रवारी दुपारी वकीलसाहेब आले. कोट एका बाजूला लोंबत होता.

"तो टॅबलेट उघडून द्या. आत्ता!"

"रविवारी पाच..."

"अहो, तो पोरांचा नव्हता, माझा होता! पोरं खेळत होती म्हणून रागाने फेकला. सोमवारच्या खटल्याचे सगळे कागद त्यात आहेत!"

आता वकिलाशी कोण भांडणार? "तुमच्यापुरता अपवाद करतो. संध्याकाळी घेऊन जा," असं सांगून कुलूपवाल्याने त्यांना घालवलं आणि दुकानाचं दार ओढून तिजोरीसमोर बसला.

सतरा. अकरा. बारा.

मूठ फिरेना.

असं होतं कधीकधी. हात घसरतो. पुन्हा सतरा, अकरा, बारा. मूठ ढिम्म! तिसऱ्यांदा त्याने इतक्या जपून चकती फिरवली की श्वासही घेतला नाही. तिजोरी आपली गप्प.

मग त्याच्या मनात एक भयंकर शंका आली. तो पळत दवाखान्यात गेला. बायको एकाच्या तोंडात आरसा धरून उभी होती.

"आपल्या पोरीची जन्मतारीख काय गं?"

बायकोने आरसा तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. "तेरा वर्षं झाली. आज विचारताय?"

"सतरा अकरा ना?"

"मग काय अठरा बारा? हरवलेली छत्री शोधावी तसं विचारताय! तुम्हाला बरं वाटतंय ना?" खुर्चीतला माणूससुद्धा तोंड उघडं ठेवूनच त्याच्याकडे काळजीने बघायला लागला.

म्हणजे तारीख बरोबर होती. मग त्या दिवशी हाताने चुकून भलताच नंबर ठेवला? लग्नाची तारीख करून पाहिली. दुकान उघडलं ती तारीख. सासूचा फोन नंबर तुकड्यातुकड्याने. काही नाही! कापायचं मशीन कोपऱ्यातच होतं. दार कापलं असतं तर अर्ध्या तासात मोकळं झालं असतं. पण अख्ख्या रस्त्याला ठिणग्या दिसल्या असत्या, आणि स्वतःची तिजोरी स्वतःच कापणाऱ्या कुलूपवाल्याकडे उद्या साधी पेटी तरी कोण आणणार? पंचवीस वर्षांचं नाव पाटीसकट मातीत!

वकीलसाहेबांना त्याने संध्याकाळी सांगितलं, "तत्त्व म्हणजे तत्त्व. अपवाद नाही!" वकीलसाहेब जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

रात्री जेवताना त्याने भात नुसता चिवडला.

"बाबा, तिजोरीची काही अडचण आहे का?" खिट्टीने विचारलं.

"अडचण? मला?" तो खवळला. "मी लावलेलं कुलूप..."

"बरं. अठ्ठावीस, पाच, तीस."

"साडेपाच!!"

---

शनिवारी त्याने ओळखीच्या डॉक्टरांकडून छाती तपासायची नळी उसनी आणली. ती तिजोरीच्या दाराला लावून, चकती एकेक आकडा फिरवत, डोळे मिटून तो आतले खटके ऐकायला बसला. त्याला एक शिट्टी ऐकू येत होती, पण ती त्याच्या स्वतःच्या कानातली होती.

अशा वेळी मोठ्या बाई आत आल्या! बघतात तर कुलूपवाला गुडघ्यावर बसून, कानात नळ्या घालून, तिजोरीला मिठी मारून घामाने निथळतोय!

"अगंबाई! काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही... जरा ठोके बघतोय."

बाई तशाच पावली परतल्या. न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर कुलूपवाल्याला छातीत दुखत होतं, चौकापर्यंत झटका आला होता आणि शाळेपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले होते. तासाभरात दुकानात पालकांची रीघ लागली.

"काळजी घ्या हो! दगदग करू नका."

"आमच्या काकांना असंच झालं होतं. सकाळी चांगले होते."

आणि प्रत्येक जण जाता जाता आवाज खाली आणून म्हणायचा, "पण तेवढा नंबर कुणाला तरी सांगून ठेवा. माणसाचा काय भरवसा!"

वकीलसाहेब तर कागदच टंकून घेऊन आले. 'मी पूर्ण शुद्धीत असून, माझ्या पश्चात तिजोरीचा नंबर पुढीलप्रमाणे', आणि पुढे तीन चौकोन.

"एवढे तीन भरा, खाली सही करा. मग खुशाल विश्रांती घ्या!"

कुलूपवाल्याने त्या तीन रिकाम्या चौकोनांकडे पाहिलं आणि त्याला खरोखरच छातीत दुखल्यासारखं वाटलं. "मी ठणठणीत आहे!" तो ओरडला. "उद्या पाच वाजता या आणि बघा!"

---

रविवारी पाच वाजता रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. माइक शाळेचा, चादर न्हाव्याची. तिजोरी चाकांच्या फळीवरून दारात आणून ठेवली होती. पुढच्या रांगेत पालक, मागे पोरं, आणि एका कडेला भिंतीला टेकून, हाताची घडी घालून खिट्टी.

कुलूपवाल्याने भाषण जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. गेम खेळून पोरं बहिरी होतात. मुकी होतात. माणसांत मिसळत नाहीत. हट्टी होतात, मोठ्यांचं ऐकत नाहीत, पाच-तीस म्हणतात! बारा मुद्द्यांचे त्याने चौदा केले. पण पाच वाजून तेरा मिनिटांनी मोठ्या बाईंनीच टाळ्या वाजवल्या आणि सगळे तिजोरीकडे बघायला लागले.

"पाटीप्रमाणे दहा मिनिटं हं!" न्हाव्याने घड्याळ काढलं. त्याचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसांपासून देवच वाचवो!

कुलूपवाला तिजोरीसमोर बसला. सतरा, अकरा, बारा. नाही. बारा, अकरा, सतरा. नाही. तीन मिनिटं झाली. लोकांत कुजबुज सुरू झाली. पाच मिनिटं. "तब्येत बरी नाहीये त्यांची," कुणी म्हणालं. सात मिनिटं. वकीलसाहेब उभे राहिले. कुलूपवाल्याने मान वर केली तर वर पाटी दिसली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ती वाचवेना.

"आठ मिनिटं!" न्हावी म्हणाला.

"बाबा," कानाजवळ आवाज आला. खिट्टी शेजारी बसली होती. "सरका."

"तुला काय..."

"सरका म्हणते ना. पण आधी माइक द्या."

त्याने दिला. दुसरं काय करणार? खिट्टी उभी राहिली, हनुवटी वर.

"बाबांनी चौदा मुद्दे सांगितले," ती म्हणाली. "त्यातले दोन खरे आहेत. मी जेवताना खेळते. आणि गणिताच्या चाचणीत मी खेळापायी मार खाल्ला. ते माझं चुकलं, मी कबूल करते. पण बाकीचं आम्हाला विचारून तरी लिहायचं! आम्ही मुके नाही. त्या मशीनमध्ये मी माझ्या मैत्रिणीशी रोज बोलते. ती नव्या शाळेत सहा महिने एकटी डबा खात होती. हे तिने तिच्या आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. खेळताना. तुम्ही आठ दिवस आम्हाला मोकळं केलंत आणि आम्ही बोलायला आलो, तर तुम्ही मागच्या दाराने गेम परत मागायला गेलात!"

पुढच्या रांगेतल्या बऱ्याच जणांना एकदम आपल्या चपला न्याहाळायची गरज भासली. मागे पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"आणि आम्ही बहिरे तर मुळीच नाही. गेममध्ये शत्रू कुठून येतोय ते पावलांच्या आवाजावरून ओळखावं लागतं. ऐकायला शिकतो आम्ही! बघा."

"नऊ मिनिटं!" न्हावी किंचाळला.

खिट्टीने तिजोरीच्या दाराला कान लावला. डोळे मिटले. रस्ता इतका शांत झाला की कोपऱ्यावरच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. चकती डावीकडे गेली, थांबली. उजवीकडे गेली, थांबली. पुन्हा डावीकडे. तिने मूठ खाली ओढली.

खडाक!

"नऊ मिनिटं पन्नास सेकंद!" न्हाव्याने घड्याळच हवेत उडवलं.

मग जो काही गोंधळ झाला! वकीलसाहेब टॅबलेटला छातीशी धरून रडले. तीनशे नव्वदाव्या पायरीवरची बाई लेकराआधी पळाली. मोठ्या बाई कुलूपवाल्याचा हात धरून म्हणाल्या, "काय कान आहे हो पोरीचा! आणि तुम्ही मुद्दाम मागे राहिलात ना, तिला पुढे करायला? मी ओळखलं!" कुलूपवाल्याने मान खाली घालून नम्रपणे हो म्हटलं. पाटी वाचली होती. वर त्याची खिट्टी, त्याची गादी चालवणारी खिट्टी, अख्ख्या गावासमोर उभी होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

---

साडेपाचला, म्हणजे पाच-तीसला, खिट्टी घरी मशीनसमोर बसलेली होती.

कुलूपवाला दारात उभा राहिला. पडद्यावर माणसं पळत होती. स्पीकरमधून एका मुलीचा आवाज येत होता, "अगं, आलीस! मला वाटलं, तुझे बाबा सोडत नाहीत!" आणि खिट्टी हसत होती. ते हसणं त्याने बरेच दिवस ऐकलं नव्हतं. खरं तर तो वर्षभर याच दारातून गेमवर ओरडत होता, त्यामुळे त्या ओरडण्यात ते ऐकू आलंच नसणार.

तो परत फिरणार, एवढ्यात त्याच्या डोक्यात काहीतरी टोचलं. बाप कितीही गहिवरला तरी आतला कुलूपवाला जागाच असतो. त्या तिजोरीतल्या चकत्या नायलॉनच्या होत्या, काल घाबरून नळी लावून बसला तेव्हा हे त्याला आठवलंच नव्हतं. नायलॉन! त्यांचा आवाज होतच नाही! दाराला हेडफोनवाल्याचा कान लावा नाहीतर हत्तीचा, आतून काही म्हणजे काही ऐकू येत नाही!

"खिट्टे," तो सावकाश म्हणाला. "खरं सांग. तू ऐकून उघडलं नाहीस."

"थांबा बाबा, डावीकडून येताहेत!" चार सेकंद धडाधड बटणं दाबून झाली. "नाही. मला नंबर माहीत होता."

"माहीत होता? मी कुणालाही सांगितला नव्हता!"

"सतरा-अकरा-बारा. तुमच्या सायकलीला तोच, फोनला तोच, दुकानाच्या गल्ल्याला तोच. सोमवारी तुम्ही त्या न्हाणीघरातल्या आजोबांकडे गेलात ना, तेव्हा उघडली मी तिजोरी. दाराच्या आतल्या बाजूला नंबर बदलायची छोटी चावी असते ना, ती फिरवून नंबर बदलला आणि परत लावली. तुम्हीच शिकवलं होतंत नवव्या वर्षी."

कुलूपवाला मटकन खाटेवर बसला. दारामागून बायकोचं हसू ऐकू आलं. म्हणजे तीही!

"आणि मशीन? तुझं मशीन काढून नाही घेतलंस?"

"चोरून खेळायचं नव्हतं मला. सांगून खेळणार म्हटलं होतं."

"अगं, पण माझा जीव गेला असता तिथे! लोक मृत्युपत्र घेऊन आले माझ्याकडे! मी शुक्रवारपासून मेलोय! नवा नंबर ठेवलास तर ठेवलास, निदान एका शब्दाने मला सांगायचं तरी होतंस!"

खिट्टीने बटणांवरून बोटं उचलली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"सोमवारपासून रोज सांगत होते, बाबा. अठ्ठावीस, पाच, तीस. तुम्ही माझं मराठी दुरुस्त करत होतात!"